थीनमिद्ध : मनाची गुंगी
(वर्धापनदिनी किहीमच्या विहारात केलेले भाषण)



पाच नीवरणांत ‘थीनमिद्ध’ हा पाली शब्द येतो. थीन म्हणजे मन जड होणे, मिद्ध म्हणजे पेंग येणे. आपण म्हणतो गुंगी. दिवसभर राबून वंदनेला बसलं की मान लवते, शेजारीण कोपर मारते! त्यात लाज कसली? महामोग्गल्लानासारखे थोर भिक्खूसुद्धा ध्यानाला बसून पेंगत होते. भगवंतांनी त्यांना उपाय सांगितले : धम्म मोठ्याने म्हण, कान ओढ, अंग चोळ, डोळ्यांना पाणी लाव, तारे बघ (ते आपल्या किनाऱ्यावर पुष्कळ!), येरझाऱ्या घाल. तरीही गुंगी गेली नाही तर सावधपणे झोप, आणि जाग येताच ऊठ.

दारूची गुंगी मात्र वेगळी. ती थकव्याने येत नाही, पैसे मोजून आपणच घरात आणतो. तिच्यात बायकोचं रडणं ऐकू येत नाही, पोराची फी आठवत नाही. म्हणूनच पाचव्या शीलात दारूबरोबर ‘पमाद’, म्हणजे बेसावधपणा, हा शब्द आहे. बाबासाहेबांनी १९५६ साली नागपूरला दिलेल्या २२ प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे.

थकलात तर खुशाल झोपा. पण जागेपणी मन झोपवू नका.

नमो बुद्धाय! जय भीम!