उत्तर ध्रुवाजवळचे ४८ तास



“हॅम रेडिओ म्हणजे एफएम का रे?” असं सकाळपासून तिघांनी विचारलंय. नाही बाबांनो. सरकारी परवाना काढायचा आणि आपल्या यंत्रावरून जगातल्या अनोळखी माणसाला गाठायचं, असा हा छंद. शाळेत स्काउटला असलेल्यांना मोर्सची कट्ट-कडकट्ट आठवत असेल. मी अजून तिथेच आहे! नोकरीसाठी नॉर्वेत गेलो आणि परवानाही तिथलाच काढला.

नोव्हेंबरअखेर ‘सीक्यू वर्ल्ड वाइड’ ही मोर्सची स्पर्धा असते. सलग ४८ तास. एका वर्षी आम्ही तिघे स्वालबार्ड बेटांवरच्या लाँगयिअरब्येनहून उतरलो. ७८ अंश उत्तर, ध्रुव जेमतेम तेराशे किलोमीटरवर. तिथे ऑक्टोबरअखेर मावळलेला सूर्य उगवतो थेट फेब्रुवारीत, त्यामुळे रात्रपाळी कुणाची यावरून भांडण नाही.

स्पर्धेसाठी जगाचे ४० विभाग केलेत. भारत बाविसाव्यात, स्वालबार्ड चाळिसाव्यात. एकमेकांना ‘५९९’ आणि आपला विभाग कळवला की झालं. आम्हाला युरोपातल्या दुसऱ्या देशाचा एक गुण, दुसऱ्या खंडाचे तीन. शेवटी या गुणांना मिळालेल्या देशांच्या आणि विभागांच्या संख्येने गुणतात. स्वालबार्ड नॉर्वेचंच, पण या खेळात वेगळा देश. म्हणून आम्ही सगळ्यांना हवे! एक हाक दिली की एसटी फलाटाला लागल्यावर उडते तशी झुंबड. त्यातून एकेकाचं नाव कानाने वेचायचं.

शनिवारी रात्री मात्र ही गर्दी पाच मिनिटांत गायब झाली. नुसती खरखर. अँटेनाची तार तुटली असेल म्हणून बाहेर निघालो. पांढऱ्या अस्वलांचा मुलूख, म्हणून एकाच्या हातात टॉर्च, दुसऱ्याच्या हातात बंदूक. तार शाबूत होती. वर बघितलं तर सगळं आकाश हिरवंगार हलत होतं.

सूर्याकडून आलेले विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे ध्रुवांकडे वळतात. त्यांच्यामुळे ते प्रकाश दिसतात, आणि वातावरणाचा खालचा थर आमच्या लहरी गिळून टाकतो. फिनलंड, जर्मनीतले लोक त्या वेळी एकमेकांशी मजेत बोलत असतील. आम्ही त्या झाकणाखाली.

एक साथीदार म्हणाला, आवरू या, निकाल गेला. त्याचं गणित बरोबर होतं. पण चांगल्या वेळी गुण कुणालाही मिळतात, आणि इतक्या लांब येऊन झोपायचं? मी हाका देत बसलो. तासाला चार-पाच उत्तरं. तीही थरथरत, कढईत काहीतरी तडतडावं तशी. अलास्काचा एकजण ध्रुवावरून आला. त्याचे तीन गुण लिहिताना झालेला आनंद आधीच्या शंभर युरोपियनांनी दिला नव्हता.

रविवारी सकाळी, म्हणजे इथे दुपारी, २० मीटरच्या बँडवर आकाश थोडं उघडलं. गर्दी परतली आणि तिच्या तळाशी एक बारीक हाक आली. सुरुवात ‘व्हीयू’ अशी. भारत! बाकीच्यांना थांबवलं. दोनदा विचारावं लागलं, तेव्हा पूर्ण आलं: ५९९, २२. सात हजार किलोमीटरवरून.

स्पर्धेत गप्पा मारत नाहीत, वेळ जातो. तरी मी ‘नमस्ते’ ठोकलंच. पलीकडून दोन टिंबं आली, म्हणजे आमच्याकडचा रामराम. मागे पोलंडवाले खोळंबले होते, त्यांना घेतलं.