उतारावरची वीज

घाट चढताना गाडीने खर्च केलेली शक्ती घाट उतरताना कोठे जाते, हा प्रश्न केवळ यंत्रशास्त्राचा नाही. बोरघाटात लोहमार्ग सुमारे ५५० मीटर चढतो. चढ ३७ ला १ इतका तीव्र. १८६३ साली खुल्या झालेल्या या वाटेच्या बांधणीत हजारो मजुरांचे प्राण गेले. १००० टनांची गाडी हा घाट उतरते तेव्हा सुमारे १५०० युनिट विजेइतकी शक्ती मोकळी होते. ब्रेकचे ठोकळे चाकांवर आवळून गाडी रोखली, तर ती सारी उष्णता आणि धूळ होऊन वाया जाते.

दुसरा मार्ग जुनाच आहे. उतारावर इंजिनाची मोटार जनित्र बनते, गाडी आवरते आणि तयार झालेली वीज तारेत परत जाते. १९२० च्या दशकाच्या अखेरीस ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने घाटासाठी आणलेल्या ‘क्रॉकोडाइल’ इंजिनांत ही सोय होती.

परंतु परत आलेली वीज घेणारा कोणी तरी हवा. एक गाडी उतरत असता दुसरी चढत असेल, तर एकीची वीज दुसरीला मिळते. तशी गाडी जवळपास नसेल, तर तारेतील दाब वाढतो आणि ती वीज इंजिनावरच रोधकांत जाळावी लागते. डी.सी. पद्धतीच्या उपकेंद्रांतील डायोड वीज एकाच दिशेने जाऊ देतात. तेथे उलट्या प्रवाहासाठी इन्व्हर्टर तरी बसवावा लागतो, नाही तर साठवणीची व्यवस्था करावी लागते. ए.सी. पद्धतीत मात्र उरलेली वीज रोहित्रातून मागे वळून मूळ जाळ्यापर्यंत पोहोचू शकते.

मुंबईच्या उपनगरी मार्गांचे डी.सी.कडून ए.सी.कडे रूपांतर २०१६ मध्ये पुरे झाले. दर दोन-चार मिनिटांनी थांबणाऱ्या लोकलला ब्रेक लावण्याचे प्रसंग अगणित. म्हणूनच या बचतीचे मोलही मोठे. दिल्ली मेट्रोचा अशाच बचतीचा प्रकल्प २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या स्वच्छ विकास यंत्रणेत नोंदला गेला.

यातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. ही बचत एकट्या इंजिनाची नसून साऱ्या जाळ्याची आहे. इंजिनाची खरेदी एका खात्याने, उपकेंद्राची दुसऱ्याने, प्रत्येकाने आपापली किंमत तेवढी पाहून केली, तर परत येऊ शकणारी वीज जळून जाईल आणि तिचा दोष कोणाच्याच माथी येणार नाही. उतरणारी गाडी एका मालकाची आणि चढणारी दुसऱ्याची झाली, तर प्रत्येक युनिटावर वाद माजेल. मार्ग, गाडी आणि वीजपुरवठा यांचा विचार एकत्र होणे, हीच सार्वजनिक मालकीची खरी कसोटी होय.

म्हणूनच किती वीज परत आली, किती जळाली आणि वाचलेला पैसा कोठे गेला, याचा हिशेब दरवर्षी जनतेपुढे मांडला गेला पाहिजे. दाराशी लोंबकळत प्रवास करणाऱ्या श्रमिकाच्या सुरक्षिततेवर त्या पैशाचा पहिला हक्क आहे. घाट ज्यांच्या श्रमांनी बांधला गेला, त्यांच्या वारसांना उतारावरची वीज तरी परत मिळावी.