निभावणारा माणूस



या परिषदेच्या अध्यक्षपदाचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी आपली मनःपूर्वक ऋणी आहे. माझ्या अध्यापनाची आणि संशोधनाची बहुतेक वर्षे दोन प्रकारच्या माणसांशी बोलण्यात गेली: दीर्घकालीन व्याधीने जखडलेल्या रुग्णांशी, आणि तुरुंगाच्या भिंतीआड मुदत कंठणाऱ्या बंद्यांशी. हे दोन विषय एकाच अभ्यासकाने का हाताळावेत, असा प्रश्न मला वारंवार विचारण्यात आला. आणि त्याचे उत्तर जुहूच्या या भूमीवर उभे राहून देण्याचा योग यावा, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते.

कारण मार्च १९२२ मध्ये सहा वर्षांची शिक्षा होऊन येरवड्याच्या तुरुंगात गेलेले गांधीजी १९२४ च्या जानेवारीत आंत्रपुच्छाच्या विकाराने अत्यवस्थ झाले, पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी १२ जानेवारीच्या रात्री त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली, ५ फेब्रुवारीस सरकारने त्यांची सुटका केली, आणि शक्ती भरून येण्यासाठी मार्च ते मे असे ते याच जुहूच्या किनाऱ्यावर येऊन राहिले. येथेच मोतीलाल नेहरू आणि चित्तरंजन दास यांच्याशी कायदेमंडळातील प्रवेशाविषयी त्यांची दीर्घ चर्चा झाली, आणि येथूनच त्यांनी ‘यंग इंडिया’ व ‘नवजीवन’ यांचे संपादन पुन्हा हाती घेतले. थोड्या आठवड्यांच्या अवधीत एकाच माणसाची नोंद दोन दप्तरांत झाली होती, एका दप्तरात कैदी म्हणून आणि दुसऱ्यात रोगी म्हणून; दोन्ही नोंदी अक्षरशः खऱ्या होत्या, तरीही त्या एकत्र ठेवून वाचल्या तरी त्या माणसाचा काहीच बोध होत नव्हता.

त्याहून सोळा वर्षे मागे जाऊ. २२ जुलै १९०८ रोजी मुंबईच्या उच्च न्यायालयात सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा ऐकून लोकमान्य टिळक मंडालेला गेले, तेव्हा मधुमेह त्यांच्यासोबत होता. इन्सुलिनचा शोध १९२१ सालचा. त्यामुळे आहाराचे कठोर पथ्य एवढाच काय तो उपाय त्यांच्या हाती होता. त्या पथ्यात, त्या कोठडीत, १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी ‘गीतारहस्य’ पेन्सिलीने लिहून काढले. लोकोत्तर पुरुषांची उदाहरणे सामान्यांना लागू करू नयेत, हा आक्षेप मला मान्य आहे. परंतु व्याधी आपल्या जागी ठेवून कार्य आपल्या जागी ठेवण्याचे जे कौशल्य तेथे दिसते, ते मी पुढे अनामिक रुग्णांत अनेकदा पाहिले, आणि त्याचे शास्त्र काय असावे या जिज्ञासेतून माझ्या अभ्यासाचा आरंभ झाला.

ते शास्त्र बरेच पुढे गेले आहे. लॅझरस आणि फोकमन यांनी १९८४ साली मांडलेल्या उपपत्तीप्रमाणे माणूस संकटाला थेट प्रतिक्रिया देत नाही. हे संकट माझे काय बिघडविणार आणि त्यासाठी माझ्यापाशी काय शिल्लक आहे, असा दुहेरी अंदाज तो घेतो, आणि त्या अंदाजावर त्याचे वर्तन ठरते. काही यत्न प्रश्नाकडे वळतात, जसे औषधाची वेळ पाळणे, तपासण्या करणे, माहिती मिळविणे. काही स्वतःच्या भावनेकडे वळतात, जसे मन दुसरीकडे गुंतविणे, प्रार्थना करणे, कोणापाशी तरी रडून घेणे. यांपैकी एक श्रेष्ठ आणि दुसरा कनिष्ठ, असे नाही. जेथे काही बदलता येण्याजोगे आहे तेथे पहिला उपयोगी पडतो, आणि जेथे काहीच बदलता येत नाही तेथे दुसराच माणसाला उभे ठेवतो. दीर्घ व्याधीचे वैशिष्ट्य असे की तिच्यात हे दोन्ही प्रदेश एकाच दिवसात, कित्येकदा एकाच तासात, शेजारी शेजारी असतात.

माझी एक चूक आपल्यापुढे ठेवते. मूत्रपिंडे निकामी झालेल्या, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला येणाऱ्या एका प्रौढ बाईंना मी एक प्रश्नावली भरावयास दिली होती. आयुष्यातील घटनांचे नियंत्रण आपल्या हाती आहे की बाहेरच्या शक्तींच्या, हे मोजणारी ती प्रश्नावली होती. रॉटर यांनी १९६६ साली रूढ केलेल्या कल्पनेवर ती आधारलेली होती, आणि तिचे मराठी भाषांतर माझेच होते. “माझ्या आजाराचे काय व्हायचे ते नशिबावर आहे,” या विधानापुढे बाईंनी निःशंकपणे ‘सहमत’ अशी खूण केली. गुणांकनाच्या किल्लीप्रमाणे मी त्यांची गणना बाह्यनियंत्रितांत, म्हणजे यत्न सोडून देणाऱ्यांत केली. त्याच बाई दिवसभराचे पाणी सकाळीच एका तांब्यात मोजून ठेवीत, तहान लागली की छोट्या फुलपात्राने घोटभर पीत, आणि दोन पाळ्यांमध्ये किती वजन वाढले याचा हिशेब परिचारिकेच्या आधी त्याच सांगत. नशीब आणि यत्न यांच्यात त्यांना विरोध दिसतच नव्हता; तो विरोध माझ्या प्रश्नावलीत होता, आणि मी तो त्यांच्या मनावर लादला होता.

संकटातील अशा यत्नांच्या ‘कोपिंग’ या इंग्रजी संज्ञेसाठी आपण पाठ्यपुस्तकांत ‘सामना करणे’ असे लिहितो. तो रणांगणावरचा शब्द आहे. सामन्याला अंत असतो, जय असतो, पराजय असतो. त्या बाईंना मी प्रत्येक भेटीत कसे चालले आहे म्हणून विचारी, आणि त्या म्हणत, “निभतंय.” तो शब्द मी कित्येक वर्षे केवळ शिष्टाचाराचे उत्तर समजत आले. परंतु निभावण्यात अंत नसतो, सातत्य असते. त्यात घरच्या माणसांचा, शेजाऱ्यांचा, पैशाअडक्याचा आणि देवाचाही वाटा गृहीत असतो. आपल्या रुग्णांपाशी या घटनेसाठी आपल्यापेक्षा अधिक अचूक संज्ञा होती.

आता दुसऱ्या विषयाकडे वळते. लाँब्रोसोने १८७६ साली जन्मजात गुन्हेगाराची कल्पना मांडली आणि ती कवटीच्या मापांवर उभी केली. क्लेक्लीने १९४१ साली वरकरणी समंजस परंतु अंतःकरणाने कोरड्या अशा व्यक्तींचे सूक्ष्म चित्रण केले. आयझेंकने १९६४ साली गुन्ह्याचा संबंध व्यक्तिमत्त्वाच्या परिमाणांशी जोडला. आणि योखेल्सन व सॅमिनाव यांनी १९७६ पासून ‘क्रिमिनल पर्सनॅलिटी’ याच नावाच्या ग्रंथातून गुन्हेगाराच्या विचारपद्धतीतील दोषांची तपशीलवार नोंद केली. कवटीची मापे कालौघात वाहून गेली. बाकीच्यांचे काम व्यर्थ म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. ज्याचे घर गुन्ह्याने उद्ध्वस्त झाले त्याच्यासमोर बसलेल्या कोणाही माणसास, निर्दयता ही खरी वस्तू आहे, हे सांगावे लागत नाही.

तथापि गुन्हा ही कायद्याने ठरविलेली गोष्ट आहे आणि व्यक्तिमत्त्व ही मनाची घडण आहे. टिळक आणि गांधी हे दोघेही दंडसंहितेप्रमाणे सिद्धदोष होते, एवढे स्मरले तरी या दोहोंचे समीकरण किती सावधपणे मांडावयास हवे, ते कळते. त्यात आपले संशोधक बहुधा तुरुंगात जाऊन माहिती गोळा करतात, आणि भारतातील तुरुंगांत सुमारे तीन-चतुर्थांश माणसे कच्चे कैदी असतात, म्हणजे ज्यांचा अपराध अद्याप शाबीत झालेला नाही, आणि ज्यांतील कित्येकांना केवळ जामीनदार मिळत नाही. अशा माणसाची चिंता, त्याचा संशयी स्वभाव, त्याची चीड मोजून त्यांना गुन्हेगारी व्यक्तिमत्त्वाचे लक्षण म्हणणे, हे ताप मोजून त्यालाच स्वभाव म्हणण्यासारखे आहे.

या चुकीची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. १८७१ च्या कायद्याने सबंध जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या गेल्या; सोलापुरास तारेच्या कुंपणातील वसाहतीत, जिला लोक ‘सेटलमेंट’ म्हणत, पिढ्या वाढल्या, आणि माणसांना हजेरी देऊन जगावे लागले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभर रद्द झाला. परंतु शिक्का पुसण्यास कायदा पुरत नाही, हे लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ वाचणाऱ्यास वेगळे सांगावयास नको.

आणि उलट दिशेचा पुरावाही आपल्याच भूमीतला आहे. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी, मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या साहाय्याने, १९३९ साली आटपाडीनजीक स्वतंत्रपूर ही खुली वसाहत स्थापिली. भिंती नाहीत, शिक्षा भोगणारे बंदी तेथे बायकामुलांसह राहतात आणि शेती करतात. आटपाडीच्याच परिसरातील ग. दि. माडगूळकरांनी त्यावर कथा रचली आणि व्ही. शांतारामांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ काढला, म्हणून ते नाव सर्वतोमुखी झाले. चित्रपटाची भावुकता बाजूला ठेवली तरी शास्त्रीय प्रश्न उरतोच: माणूस तोच असता परिस्थिती पालटल्याने वर्तन किती पालटते? टेरी मॉफिट यांनी १९९३ साली दाखविले की कुमारवयात कायदा मोडणारी बहुसंख्य मुले पुढे त्या वाटेने जात नाहीत. अल्पसंख्य तेवढी आयुष्यभर जातात. म्हणजे ‘हा कोण आहे’ या प्रश्नाइतकाच ‘हा कोणत्या परिस्थितीत, किती काळ, असा असतो’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. रोग्याविषयीही मी हाच प्रश्न विचारावयास शिकले, आणि म्हणून हे दोन विषय माझ्या लेखी कधी दोन राहिले नाहीत.

तरुण संशोधकांना माझ्या तीन विनंत्या आहेत. प्रश्नावली भाषांतरित करण्यापूर्वी रुग्णाचे आणि बंद्याचे बोलणे महिनोन्महिने ऐका, आणि मोजमापाची विधाने त्या बोलण्यातून घडवा. एकदाच मोजून निष्कर्ष काढू नका. त्याच माणसाकडे वर्षानंतर, आणि पुन्हा त्यानंतरही जा. आणि तुरुंगात संमतिपत्रावर अंगठा घेताना हे विसरू नका की ज्याला खोलीबाहेर जाण्याचीही मुभा नाही, त्याचा होकार होकार नसतो. नकार दिल्याने त्याचे काहीही बिघडणार नाही, याची हमी त्याला आधी मिळाली पाहिजे.

स्त्रियांना उच्च शिक्षण मातृभाषेतून मिळावे म्हणून महर्षी कर्व्यांनी १९१६ साली जे विद्यापीठ स्थापिले, त्याच्याच जुहूच्या आवारात आपण आज जमलो आहोत. मातृभाषेचा तो आग्रह केवळ शिकविण्यापुरता नसून मनुष्य समजून घेण्यालाही लागू आहे, असे मला आज वाटते. त्या बाई आता नाहीत. त्यांची उत्तरपत्रिका मी जपून ठेवली आहे, आणि तिच्यावरील माझा चुकीचा शेरा मी खोडलेला नाही. त्याच्याखाली त्यांचा तो एक शब्द तेवढा लिहिला आहे. या परिषदेने त्या शब्दापासून आपल्या चर्चेचा प्रारंभ करावा, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेते.