तेरीज जुळली, तरी हिशेब खरा असतोच असे नाही

(चितेगाव, ता. पैठण येथे वाणिज्य शाखेचे विद्यार्थी व पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



पैठणच्या वाटेवरील या गावात हिशेब या विषयाला आरंभ करताना पहिले स्मरण व्हावे ते नाथमहाराजांचे. संत एकनाथ पैठणचे. परंतु त्यांची जडणघडण झाली देवगिरीच्या किल्ल्यावर, सद्गुरू जनार्दनस्वामींच्या चरणांशी. जनार्दनस्वामी किल्ल्याचा कारभार पाहत आणि हिशेबाचे काम त्यांनी नाथांकडे सोपविले होते. एकदा हिशेबात एका पैचा फरक येऊ लागला. नाथ रात्र जागून तो शोधत राहिले आणि चूक सापडताच त्यांनी आनंदाने टाळी वाजविली, ही आख्यायिका महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. एका पैची चूक सापडल्याने एवढा आनंद, तर संसाराची चूक सापडल्यास केवढा होईल, असा सद्गुरूंच्या उद्गाराचा आशय सांगितला जातो.

कीर्तनात भर असतो तो या उत्तरार्धावर, आणि ते योग्यच आहे. परंतु वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने पूर्वार्धही नीट न्याहाळावा. ती पै नाथांची स्वतःची नव्हती. ती त्यांच्यावर विश्वासाने सोपविलेल्या हिशेबातील होती. दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब स्वतःच्या पैशाहून अधिक काटेकोर ठेवावा, हा धडा त्यात आहे. आज विद्यापीठांतून ज्याला ‘व्यावसायिक नीती’ म्हटले जाते, त्या विषयाचा आरंभ येथूनच होतो.

वेळापत्रकात दोन, प्रत्यक्षात एक

वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला वित्तीय लेखांकन हा विषय असतो. रोजकीर्द, खतावणी, तेरीज, नफा-तोटा पत्रक आणि ताळेबंद अशा पायऱ्यांनी तो शिकविला जातो. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० च्या अंमलबजावणीनंतर राज्यातील पदवी अभ्यासक्रमांत मूल्यशिक्षण आणि भारतीय ज्ञानपरंपरा यांनाही श्रेयांकांसह स्थान मिळाले. हे स्वागतार्ह आहे. परंतु विद्यार्थ्यांच्या मनात या दोहोंची वर्गवारी आधीच झालेली असते. लेखांकन हा गुण मिळवून देणारा विषय, आणि नीतिमूल्ये म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री चाळण्याचा विषय! पालकही पहिल्यासाठी शिकवणी लावतात आणि दुसऱ्याची चौकशीही करीत नाहीत.

ही वर्गवारी मुळातच चुकीची आहे. लेखांकनाची तत्त्वे म्हणजे आकड्यांच्या भाषेत सांगितलेले नीतीचे नियमच होत. पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या काही प्रकरणांकडे या दृष्टीने पाहिले, तर हे सहज उमगते.

पहिले तत्त्व स्वतंत्र अस्तित्वाचे. दुकान वेगळे आणि दुकानदार वेगळा. मालकाने गल्ल्यातून घरखर्चासाठी शंभर रुपये घेतले, तरी ते ‘उचल’ म्हणून लिहावे लागतात. मालकालासुद्धा आपल्याच व्यवसायाचे पैसे न लिहिता घेण्याची मुभा नाही! विश्वस्तवृत्ती याहून वेगळी ती कोणती?

दुसरे तत्त्व सावधगिरीचे. अपेक्षित नफा हाती येईपर्यंत जमा धरू नये; संभाव्य तोट्याची मात्र आधीच तरतूद करावी. बढाई मारू नये आणि संकट लपवू नये, हाच संस्कार आपल्या घरांतून वडीलधाऱ्यांनी केलेला असतो. तिसरे तत्त्व सुसंगतीचे. घसारा मोजण्याची पद्धत सोयीनुसार दरवर्षी बदलता येत नाही. योग्य कारणासाठी बदललीच, तर ते सांगावे लागते. आणि या सर्वांच्या मुळाशी आहे ती जमा-नावेची जोडी. प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात. काही आले, तर ते कोठून आले हे लिहिलेच पाहिजे. व्हेनिस येथे १४९४ साली लुका पाचोलीने आपल्या ग्रंथात द्विनोंदी पद्धत मांडली, तिचे मर्म हेच.

तेरजेला न सापडणारी चूक

विद्यार्थ्याला सर्वाधिक आनंद होतो तो तेरीज जुळल्यावर. दोन्ही बाजूंच्या बेरजा समान आल्या की गणित सुटले, असे त्याला वाटते. परंतु तेच पाठ्यपुस्तक पुढच्या प्रकरणात सांगते की, तेरीज जुळणे हा हिशेब बिनचूक असल्याचा पुरावा नव्हे. एखादा व्यवहार लिहायचाच राहिला, तरी तेरीज जुळते. यंत्राची खरेदी दुरुस्तीच्या खात्यात टाकली, तरीही जुळते. दोन चुकांनी एकमेकींना झाकले, तरीही जुळते.

यापुढची एक पायरी मात्र वर्गात क्वचितच सांगितली जाते. मुद्दाम लिहिलेले खोटे जर दोन्ही बाजूंना सारखेच लिहिले, तर तेही तेरजेत बेमालूम बसते. नाथांची पै सापडली, कारण बेरीज जुळत नव्हती. बेरीज जुळत असूनही हिशेब खोटा असेल, तेव्हा तो शोधायचा कोणी?

७ जानेवारी २००९ या दिवशी हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर या कंपनीच्या अध्यक्षांनी आपल्याच पत्राने उघड केले की, ताळेबंदात दाखविलेली सुमारे ५,०४० कोटी रुपयांची रोकड व बँकेतील शिल्लक अस्तित्वातच नाही. सप्टेंबर २००८ च्या तिमाहीत ६४९ कोटींचा नफा दाखविला होता. प्रत्यक्षात तो ६१ कोटींचा होता. या कंपनीची तेरीज जुळत नव्हती काय? अवश्य जुळत होती. न झालेल्या विक्रीपुढे न मिळालेले पैसे लिहिले होते. कंपनीचे नाव ‘सत्यम’ असावे, हा दैवदुर्विलास! एप्रिल २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने दोषी ठरविलेल्यांमध्ये लेखापरीक्षकही होते. त्यांना लेखांकन येत नव्हते, असे कोण म्हणेल? बँकेतील शिल्लक खरी आहे की नाही, हे थेट बँकेकडून पडताळून घेणे हा लेखापरीक्षणाचा प्राथमिक पाठ आहे. तो पाठ ज्ञानाअभावी नव्हे, तर वृत्तीअभावी निकामी ठरतो.

चितेगावचा धडा

हैदराबाद दूर आहे. चितेगावच्या लोकांना मात्र ताळेबंद शिकण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. एके काळी देशातील घराघरांत रंगीत दूरचित्रवाणी संच पोहोचविणाऱ्या व्हिडिओकॉन इंडस्ट्रीजचे नोंदणीकृत कार्यालय याच पैठण रस्त्यावर, चितेगावात होते. मराठवाड्यासारख्या उपेक्षित भागातून एक स्वदेशी उद्योग देशभर पोहोचला, ही अभिमानाची गोष्ट होती. परिसरातील अनेक कुटुंबांची घडी त्या कारखान्याच्या भोंग्यावर बसली होती.

पुढे हा समूह दूरसंचार, तेल, वायू अशा भांडवल गिळणाऱ्या क्षेत्रांत गेला. २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दूरसंचाराचे १२२ परवाने रद्द केले, त्यांत या समूहाचेही होते. कर्जाचा डोंगर वाढत गेला. जून २०१८ मध्ये राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने दिवाळखोरीची प्रक्रिया दाखल करून घेतली. समूहातील १३ कंपन्यांवरील मान्य झालेले दावे सुमारे ६४,८०० कोटी रुपयांचे होते. जून २०२१ मध्ये मंजूर झालेली खरेदीदाराची योजना होती सुमारे २,९६२ कोटींची. म्हणजे रुपयाला पाच पैशांहूनही कमी. जानेवारी २०२२ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने ती मंजुरी रद्द केली.

यात लेखांकनाच्या विद्यार्थ्याने काय पाहावे? पाठ्यपुस्तकात ‘व्यवसायाच्या सातत्याचे गृहीत’ असते. कारखाना चालतच राहील, असे धरून यंत्रांची किंमत ताळेबंदात लिहिली जाते. कारखाना थांबला की तीच यंत्रे भंगाराच्या भावाने मोजली जातात. म्हणून हे गृहीत लिहिणाऱ्याने दरवर्षी स्वतःला प्रामाणिकपणे विचारायचे असते : हा व्यवसाय खरोखर चालू राहील काय? त्या एका उत्तरावर कामगाराची देणी, सुटे भाग पुरविणाऱ्या लघुउद्योजकाचे बिल आणि बँकेतील ठेवीदाराचा पैसा अवलंबून असतो. तारण असलेल्या बँकांना काही तरी मिळते. तारण नसलेला छोटा पुरवठादार रांगेत शेवटी उभा राहतो.

नीतीच्या विद्यार्थ्याने पाहावे ते आणखी वेगळे. या समूहाला आयसीआयसीआय बँकेने २०१२ मध्ये दिलेल्या ३,२५० कोटींच्या कर्जाविषयी पुढे प्रश्न उपस्थित झाले. बँकेनेच न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्याकडे चौकशी सोपविली. जानेवारी २०१९ मध्ये आलेल्या अहवालात, बँकेच्या तत्कालीन प्रमुखांकडून हितसंबंधांच्या संघर्षाविषयीच्या आचारसंहितेचा भंग झाल्याचा निष्कर्ष होता. फौजदारी आरोपांचा निवाडा हे न्यायालयाचे काम. आरोप म्हणजे दोषसिद्धी नव्हे. परंतु तत्त्व स्पष्ट आहे. जेथे आपला किंवा आप्तांचा संबंध आहे, तेथे तो आधी सांगावा आणि निर्णयापासून दूर व्हावे. ‘दुकान वेगळे, दुकानदार वेगळा’ हा पहिल्या वर्षाचा पहिला धडाच येथे बँकेच्या सर्वोच्च दालनापर्यंत जाऊन पोहोचतो.

परंपरा जागरणाची

हिशेबाची शिस्त पाश्चात्त्यांनी आणली, असा एक समज सुशिक्षितांत आहे. द्विनोंदी पद्धतीचे श्रेय इटलीला द्यावेच. चांगले जेथून मिळेल तेथून घेण्यात हिंदू मनाला कधी कमीपणा वाटला नाही. परंतु कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘अक्षपटल’ या हिशेब कचेरीसाठी स्वतंत्र अध्याय आहे. वर्षाचा हिशेब आषाढात पूर्ण करून मोहोरबंद वह्यांसह हजर होण्याचा दंडक त्यात आहे. संगनमत होऊ नये म्हणून हिशेबनिसांना आपसांत बोलू न देण्याची दक्षता आहे. सरकारी धन हडपण्याचे ४० प्रकारही तेथे मोजून सांगितले आहेत. माणूस आपोआप प्रामाणिक राहील, अशा भाबड्या विश्वासावर आपली परंपरा उभी नव्हती. ती संस्कार घडवीत होती आणि त्याबरोबर तपासणीही ठेवीत होती. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत अमात्य, म्हणजे मुजुमदार, हे पद त्यासाठीच होते.

ज्यांचे नाव मराठवाडा विद्यापीठाला १९९४ पासून लाभले आहे, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मूळचे अर्थशास्त्रज्ञ. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ १९२३ चा. शासनाचा हिशेब तपासणारा नियंत्रक व महालेखापरीक्षक हा राज्यघटनेतील बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी होय, असे मत त्यांनी १९४९ मध्ये घटना समितीत मांडले होते. त्याच वर्षी सनदी लेखापालांचा कायदा आला. स्वतःचा भरीव हितसंबंध असलेल्या व्यवसायाच्या हिशेबावर मत देणे, तसेच माहीत असलेली महत्त्वाची गोष्ट अहवालात न सांगणे, यांना तो कायदा व्यावसायिक गैरवर्तन मानतो. या लेखापालांच्या संस्थेचे बोधवाक्य कठोपनिषदातील आहे. सारे झोपलेले असताना जो जागा असतो, त्याचा निर्देश त्यात आहे. देवगिरीवर रात्र जागविणाऱ्या नाथांचे चित्र डोळ्यांसमोर आणावे, म्हणजे हे बोधवाक्य वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आपल्या वह्या, आपली कसोटी

दुसऱ्यांच्या ताळेबंदावर बोलणे सोपे असते. समाजात काम करणाऱ्यांनी प्रश्न स्वतःला विचारावा. गावचे गणेश मंडळ, देवस्थानाची समिती, वसतिगृह, पतसंस्था यांचे कोषाध्यक्षपद बहुधा आपल्यातील कोणाकडे तरी असते. ‘कार्य पवित्र आहे, माणूस आपला आहे, मग पावती कशाला?’ हे वाक्य अशा वेळी कानावर येते. अनेक संस्थांच्या ऱ्हासाचा आरंभ याच वाक्याने झाला आहे. छत्रपती संभाजीनगरातील आदर्श नागरी सहकारी पतसंस्थेतील सुमारे २०० कोटींच्या गैरव्यवहाराचे प्रकरण २०२३ मध्ये पोलिसांत गेले, तेव्हा रस्त्यावर आलेले ठेवीदार कोण होते? निवृत्त शिक्षक, छोटे शेतकरी, मुलीच्या लग्नासाठी पै पै साठविणारे आईबाप. बहुतेकांनी ताळेबंद पाहून नव्हे, तर ओळखीचा चेहरा पाहून पैसे ठेवलेले असतात.

विश्वास हे समाजाचे भांडवल आहे आणि पावती हा विश्वासाचा अपमान नव्हे; ती त्याचे रक्षण आहे. गुरुदक्षिणेचा हिशेब ज्या काटेकोरपणे ठेवण्याची सवय स्वयंसेवकाला असते, तोच काटेकोरपणा प्रत्येक सार्वजनिक पैशाला लावला पाहिजे. रोजचा व्यवहार रोज लिहावा. पैसे हाताळणारा आणि वही लिहिणारा यांत भेद असावा. बँकेच्या पुस्तकाशी दर महिन्याला ताळा घ्यावा. वर्षाचा हिशेब न मागता सर्वांसमोर ठेवावा. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी हे सारे करू शकतो. त्याने आपल्या गावातील एका मंडळाची वही वर्षभर लिहिली, तर लेखांकन आणि नीती हे दोन्ही विषय त्याला परीक्षेपलीकडचे कळतील.

चितेगावच्या पुढे बिडकीनला नवी उद्योगनगरी आकारास येत आहे. तेथील प्रकल्पासाठी टोयोटा किर्लोस्करने २०२४ मध्ये राज्य शासनाशी सामंजस्य करार केला. नवे कारखाने येतील, त्यांना हिशेबनीस आणि लेखापरीक्षक लागतील. ते मराठवाड्याच्या मुलामुलींतूनच यावेत. केव्हा तरी त्यांच्यापैकी एखाद्यासमोर एक कागद येईल आणि सांगितले जाईल, ‘येथे फक्त सही करायची आहे.’ तेरीज जुळलेली असेल. वरिष्ठ हसतमुख असतील. घराचे हप्तेही चालू असतील. त्या क्षणी कोणते प्रकरण पाठ होते, याला महत्त्व नसेल. ‘आधी पुरावा दाखवा’ हे तीन शब्द तोंडून निघतात की नाही, याला असेल.

लक्ष्मीपूजनाला नव्या वहीवर आपण ‘शुभ’ आणि ‘लाभ’ हे दोन शब्द लिहितो. पूर्वजांनी लाभ त्याज्य मानला नाही; परंतु शुभ आधी लिहिले. हा क्रम न बदलण्याचा संकल्प प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या पहिल्याच रोजकीर्दीच्या पहिल्या पानावर करावा.