कार्ट्रिजवरचा धुळे जिल्हा

आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत एक पिवळी डबी आहे. तळहाताएवढी, प्लास्टिकची. टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमचं ते कार्ट्रिज. माझा धाकटा भाऊ २००१ साली वारला, तेव्हा त्याचा मुलगा तीन वर्षांचाही नव्हता. गेल्या ईदला तो पुण्याहून नंदुरबारला आला, पेटी उघडली आणि म्हणाला, ‘‘बडे अब्बा, ये अब्बाने मेरे लिए लिया था क्या?’’

मी कविता लिहिणारा माणूस. ‘हो’ म्हणून मोकळा झालो असतो. पण पोरगा इंजिनिअर. त्याला तारीख हवी होती.

लेबलवर लिहिलं आहे ‘९९९९ इन १’. ही शुद्ध थाप. खेळ सात-आठच, तोच खेळ दुसऱ्या टप्प्यापासून सुरू करायचा आणि नाव बदलायचं, की झाला नवा. पोरानं सुरतेहून एक जुनं मशीन पैदा केलं, ताप्ती लाइनच्या गाडीनं मांडीवर घेऊन आला. लावलं. मारिओ धावू लागला. हा खेळ जपानात १३ सप्टेंबर १९८५ ला आला. निन्टेन्डोचं ज्या यंत्रावर तो चाले ते फॅमिकॉम १९८३ चं. अस्सल खेळात पहिल्याच पडद्यावर कंपनीचं नाव आणि साल असतं, आमच्यात ती ओळ पुसलेली! ‘कॉन्ट्रा’ १९८८ चा, त्याचंही तेच. म्हणजे ही नक्कल १९८८ नंतरची, एवढंच कळलं. आपल्याकडे नव्वदच्या दशकात ‘सामुराई’, ‘लिटल मास्टर’ अशा नावांची यंत्रं घरोघरी होती, त्यांना हीच कार्ट्रिजं लागत.

लेबलच्या कोपऱ्यात एका ड्रॅगनशेजारी बारीक ‘टीएम’ होतं. मला वाटलं, सापडलं! पण ‘टीएम’ म्हणजे ‘हे चिन्ह माझं’ असा नुसता दावा. तो कुणीही करावा. वर्तुळातला ‘आर’ मात्र नोंदणी झालेल्यालाच, खोटा लावला तर आपल्याकडे गुन्हा आहे. आमच्या ड्रॅगननं दावा केला होता, पण दावेदाराचं नाव कुठंच नव्हतं. उसन्या मालावर हक्क सांगायची ही हिंमत मला आवडली.

मग स्क्रू काढले. अस्सल कार्ट्रिजच्या चिपवर बहुधा चार आकडे असतात, पहिले दोन सालाचे, पुढचे दोन आठवड्याचे. ८८३६ म्हणजे १९८८ चा छत्तिसावा आठवडा. आमच्या पट्टीवर डांबरासारखा काळा गोळा, चिप त्याच्या पोटात. आकडा नाही.

झाकण लावताना पोराला मागं दुकानदाराचा गॅरंटीचा कागद चिकटलेला दिसला. दुकानाचं नाव, ‘नंदुरबार, जि. धुळे’, आणि खाली ‘विक्री तारीख’ची रिकामी रेघ.

आपला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला १ जुलै १९९८ ला. पोराचा जन्म त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातला. जपानची सालं जिथं थकली तिथं आमच्या बाजारातल्या छापखान्यानं साक्ष दिली! पोरगा मात्र गप्प झाला. म्हणजे अब्बांनी ते स्वतःसाठीच आणलं होतं. खरंच, भाऊ तेव्हा चोविशीत होता आणि रात्री आवाज बंद करून खेळायचा. अम्मीची झोप मोडू नये म्हणून.

मला राहवलं नाही. दुकानात गेलो. आता तिथं मोबाइलची कव्हरं मिळतात. म्हातारे शेठ हसले, ‘‘जिल्हा बदलला म्हणून छापील कागद फेकायचे काय, भाऊ? संपेपर्यंत चिकटवले. दोन वर्षं तरी पुरले.’’

घरी येऊन सांगितलं. पोरानं कार्ट्रिज हातात घेतलं, कागदाचा सुटलेला कोपरा अंगठ्यानं दाबून बसवला. ‘‘फिर तो मेरे लिए भी हो सकता है,’’ म्हणाला.

मशीन चालूच होतं. दुसरा रिमोट त्यानं माझ्याकडे सरकवला.