घरची थैली हाही नेमच
(शताब्दी सोहळ्यातील भाषण, देवपूर, धुळे)





शंभर वर्षांच्या या सोहळ्यात आमच्या वाट्याला साधा विषय आला आहे, बाजारातली प्लॅस्टिकची पिशवी. कोणी म्हणेल, हरिनामाच्या मांडवात हे काय काढलं? तर गाडगेबाबा आठवावेत. दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री त्याच गावात कीर्तनाला उभे राहायचे. झाडणं आणि कीर्तन त्यांनी वेगळं मानलंच नाही.

आधी कायदा समजून घेऊ. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. नाले तुंबले, आणि तुंबण्याच्या कारणांत प्लॅस्टिकच्या पिशव्याही होत्या. पुढच्या वर्षी राज्याने ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांना मनाई केली. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मग २३ मार्च २०१८ ला शासनाने नवी अधिसूचना काढली. जाड असो की पातळ, सामान न्यायच्या प्लॅस्टिक पिशव्या बंद, थर्माकोलची ताटं-वाट्याही बंद. साठा संपवायला तीन महिने दिले आणि २३ जूनपासून दंड सुरू झाला. पहिल्या वेळी ५००० रुपये, दुसऱ्या वेळी १००००, तिसऱ्यांदा २५००० आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. त्या वर्षीची आषाढी २३ जुलैला होती, म्हणजे ऐन वारीच्या दिवसांत ही बंदी आली. पुढे १ जुलै २०२२ पासून केंद्र सरकारनेही थर्माकोलची सजावट, प्लॅस्टिकचे कप, ताटं, चमचे अशा एकदाच वापरायच्या वस्तू देशभर बंद केल्या.

एवढे कायदे झाले, तरी पिशवी बाजारातून गेली का? नाही गेली. का नाही गेली, हे पाहायला लांब जायला नको. गिऱ्हाईक हात हलवत बाजारात येतं. पावशेर मिरची घेतली की म्हणतं, "पिशवी दे." भाजीवाली नाही म्हणाली, तर ते शेजारच्या गाडीवर जातं. दिली, तर दंडाचं भय तिलाच. पाच हजार रुपये म्हणजे तिच्या कित्येक दिवसांची कमाई. मागणारा मोकळा आणि देणारी अडकलेली! माऊली, दुसऱ्याच्या पोटावर असं संकट आणणं वारकऱ्याला शोभतं का?

पातळ पिशवी हलकी असते, वाऱ्याने उडते. भंगार वेचणाराही ती उचलत नाही, कारण शेकड्यांनी गोळा केल्या तरी वजन भरत नाही. ती पांझरेत जाते, पूर ओसरला की काठच्या बाभळींवर लटकते. खरकट्यासकट फेकली तर गाय ती गिळते. पोटात गेलेली पिशवी पचतही नाही आणि पुढेही सरकत नाही. पोट भरल्यासारखं दिसतं आणि जनावर खंगत जातं. आपण गाईला नमस्कार करतो. मग तिच्या तोंडी काय जातं, हेही बघायला हवं.

आता दिंडीचं बोलू. पावसात डोक्यावर घ्यायचा प्लॅस्टिकचा कागद आम्ही वाईट म्हणत नाही. तो घडी करून वर्षानुवर्षं वापरता येतो. अडचण आहे ती एका जेवणापुरत्या वस्तूंची. वाटेवरची गावं मोठ्या प्रेमाने पंगत घालतात. तिथे ताट थर्माकोलचं आहे म्हणून अन्न नाकारणं हा अन्नदात्याचा अपमान होईल. म्हणून प्रत्येकाने आपलं ताट-तांब्या पडशीत ठेवावा. मुक्कामाचा निरोप जातो त्याच निरोपात कळवावं, "ताटं आणू नका, आमच्याजवळ आहेत." दात्याचा खर्चही वाचेल. पत्रावळ घ्यायचीच झाली तर पळसाच्या पानांची घ्यावी. चंदेरी चकाकणाऱ्या पत्रावळीवर प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो, ती मातीत जिरत नाही.

आणि थैलीसाठी आपण खान्देशी माणसांनी का अडावं? हा कापसाचा मुलूख. जुन्या लुगड्याची, धोतराची एक थैली शिवली तर दोन-चार वर्षं सहज टिकते. प्रसादही कागदात किंवा पानात बांधता येतो.

सरकारची बंदी दंडावर चालते. दंड घेणारा नजरेआड झाला की ती सैल पडते. नेमाचं तसं नाही. गळ्यात माळ घातलेला माणूस एकादशी धरतो, मद्य-मांस वर्ज्य करतो. त्याच्या घरी कुठला इन्स्पेक्टर पाहायला येतो? कोणी नाही. तरी नेम मोडत नाही, कारण तो पांडुरंगाच्या साक्षीने घेतलेला असतो. दिंडीतल्या प्रत्येक घराने पिशवी न मागण्याचा नेम धरला, तर देवपूरच्या बाजारातली भाजीवाली स्वतःच म्हणेल, "हे माळकरी आहेत, यांना पिशवी लागत नाही."

दुसऱ्या शतकाचं पहिलं पाऊल टाकताना एवढी एक थैली खांद्याला असू द्या, ही हात जोडून विनंती.

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल!