वर्गातला बेंदूर

फळ्यावर दिनविशेष लिहिणे सोपे. निपाणी-बेळगाव भागातील मराठी वर्गात मात्र ते तितकेसे सोपे नाही. १ नोव्हेंबरला शाळेत राज्योत्सव असतो. १९५६ साली हा मुलूख मुंबई राज्यातून म्हैसुरात गेला, म्हणून कित्येक घरांत तोच काळा दिन. दुसरीतल्या पोराने कोणता खरा मानावा? उत्तर देण्याची घाई गुरुजींनी करू नये, असे मला वाटते. त्याच्या हाती चिकणमाती द्यावी. कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठात, महाराष्ट्रीय बेंदूर आषाढात. त्याने दोन्हींसाठी बैल घडवावेत, पाय मोजावेत, मराठी ‘बैल’ नि कानडी ‘एत्तु’ शेजारी लिहावेत. माती तेवढी आदल्या दिवशी भिजवावी. नाहीतर वाळताना शिंगे तडकतात, आणि मग रडारड आवरता आवरत नाही.